‘दखल घेतली गेली नाही’: एका अहवालातील हरवलेला कर्ता

एका प्रयोगशाळेतील डीप फ्रीजरमध्ये उणे ८० अंश सेल्सिअस तापमानाला ठेवलेले नमुने शनिवारची संध्याकाळ ते सोमवारची सकाळ या काळात वितळून निकामी झाले. चौकशी झाली, अहवाल तयार झाला आणि वरिष्ठांनी तो परत पाठवला. शेरा एवढाच होता : ‘काय झाले ते कळते, कसे झाले ते कळत नाही. भाषा सुधारावी.’ त्या कामासाठी मला बोलावण्यात आले. (हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम कर्मणी ठेवले आहे. मला कोणी बोलावले, याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.) संस्थेची किंवा कोणा व्यक्तीची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. येथे विचार करायचा आहे तो अहवालाच्या तीन मसुद्यांचा आणि त्यांतल्या क्रियापदांचा.

पहिल्या मसुद्यातील मुख्य परिच्छेद असा होता :

‘शनिवारी सायंकाळी नमुने फ्रीजरमध्ये ठेवण्यात आले. त्यानंतर दार व्यवस्थित लावले गेले नाही. तापमान वाढल्यावर गजराची सूचना पाठवली गेली, मात्र तिची दखल घेतली गेली नाही. दाराच्या रबरी पट्टीवर बर्फ साचत असल्याचे यापूर्वी निदर्शनास आणून देण्यात आले होते. पट्टी बदलण्याचा प्रस्ताव पुढील तिमाहीत घेण्याचे ठरले होते. सोमवारी सकाळी नमुने निकामी झाल्याचे आढळून आले.’

सहा वाक्यांत एकही माणूस नाही. नमुने ठेवले जातात, दार लावले जात नाही, सूचना जाते, प्रस्ताव मागे पडतो, आणि हे सगळे रिकाम्या इमारतीत आपोआप चालले आहे असे वाटते. ‘-ण्यात येणे’ आणि ‘जाणे’ यांच्या आधाराने उभी राहणारी ही रचना आपल्या कार्यालयीन मराठीच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती लिहिणाऱ्याने काही लपवण्याचा विचार केलेला असतोच असे नाही. या मसुद्याच्या लेखकानेही तो केलेला नव्हता. अहवाल असाच लिहायचा असतो, एवढीच त्यांची समजूत होती.

दुसरा मसुदा त्याच संस्थेतील दुसऱ्या अधिकाऱ्यांनी, मी तेथे पोहोचण्यापूर्वीच केला होता. त्यांच्याकडे लेखनाविषयीची एक सूचनावली होती आणि तिच्यात ‘कर्मणी प्रयोग टाळा, कर्तरी वापरा’ असा नियम ठळक अक्षरांत होता. नियम पाळून तयार झालेला परिच्छेद असा :

‘शनिवारी सायंकाळी तंत्रज्ञाने नमुने फ्रीजरमध्ये ठेवले. तिने दार व्यवस्थित लावले नाही. तापमान वाढल्यावर यंत्रणेने गजराची सूचना पाठवली, मात्र कर्मचाऱ्यांनी तिची दखल घेतली नाही. पट्टीवर बर्फ साचत असल्याचे तंत्रज्ञाने यापूर्वी निदर्शनास आणून दिले होते. पट्टी बदलण्याचा प्रस्ताव खरेदी समितीने पुढील तिमाहीत घेण्याचे ठरवले होते. सोमवारी सकाळी तंत्रज्ञाला नमुने निकामी झालेले आढळले.’

वाचायला हा परिच्छेद सरळ आहे, वाक्ये आटोपशीर आहेत आणि प्रत्येक क्रियेला कर्ता मिळाला आहे. ज्यांचा उल्लेख त्यात वारंवार येतो, त्या तंत्रज्ञ बाईंना मी तो वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “एकेक वाक्य धरलं तर भांडायला जागा आहे की नाही, मला सांगता येत नाही. पण सगळं मिळून वाचलं की वाटतं, हे सगळं मीच केलं.”

पुढचे सर्व काम त्यांच्या या एका वाक्यातून निघाले.

नियम कोठून आला आणि तो मराठीत का अडतो

‘कर्मणी टाळा’ हा उपदेश मुळात इंग्रजी लेखनासाठी तयार झाला. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ सालच्या एका निबंधात, जेथे कर्तरी रचना चालते तेथे कर्मणी कधीही वापरू नये, असा नियमच घालून दिला, आणि पुढे तो लेखनाच्या असंख्य मार्गदर्शिकांत उतरला. (गंमत अशी की, त्याच निबंधात ज्या वाक्यात ऑर्वेल या सवयीवर टीका करतो, ते वाक्य स्वतःच कर्मणी आहे.) इंग्रजीपुरता हा उपदेश बऱ्याच प्रमाणात उपयोगी आहे, पण तो उचलून मराठीत ठेवला की दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण नावाची आहे. मराठी व्याकरणात प्रयोग ओळखला जातो तो क्रियापदाच्या रूपावरून : क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी, आणि दोघांपैकी कोणाचेच न ऐकता नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहिले तर भावे. ‘तंत्रज्ञाने नोंद केली’, ‘तंत्रज्ञाने नोंदी केल्या’ यांत क्रियापद नोंदीच्या मागे जाते. म्हणून शाळेतल्या व्याकरणानुसार ही वाक्ये कर्मणीच आहेत. ‘विभागप्रमुखांनी तंत्रज्ञाला बोलावले’ हा भावे. साध्या आणि पूर्ण भूतकाळातील सकर्मक क्रियापदे, ‘शिकणे’, ‘विसरणे’ अशी थोडी सोडली तर, कर्तरी प्रयोगात येतच नाहीत. अपघाताचा अहवाल भूतकाळातच लिहायचा असतो. म्हणजे नियम शब्दशः पाळायचा तर असा अहवाल लिहिताच येणार नाही. अतिशयोक्ती वाटेल, पण संस्थेतील एका तरुण सहकाऱ्याने नियम प्रामाणिकपणे पाळण्यासाठी काही वाक्ये वर्तमानकाळात नेऊन ठेवली होती : ‘तंत्रज्ञ नमुने ठेवते. ती दार लावते.’ अपघाताच्या अहवालाऐवजी नाटकातील रंगसूचना वाचल्यासारखे वाटत होते. व्याकरणाच्या परीक्षेत मात्र त्याला पूर्ण गुण मिळाले असते.

सूचनावलीला जी रचना टाळायची होती, तिला आपल्या व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ किंवा ‘कर्मकर्तरी’ म्हणतात आणि ती इंग्रजीच्या प्रभावाने रूढ झाल्याचे सांगितले जाते : ‘नमुने ठेवले गेले’, ‘तंत्रज्ञाकडून नमुने ठेवले गेले’. मराठी व्याकरणातील कर्मणी आणि इंग्रजी लेखनशिक्षणातील कर्मणी ही एक गोष्ट नव्हे, एवढे मान्य केले की निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. इंग्रजी वाक्यात शब्दांचा क्रम बांधलेला असतो. ज्याच्याविषयी बोलायचे ती वस्तू वाक्याच्या आरंभी आणायची असेल, तर बहुतेक वेळा क्रियापद कर्मणी करावे लागते. म्हणजे इंग्रजी कर्मणीला दोन कामे असतात, कर्माला पुढे आणणे आणि कर्त्याला झाकणे. मराठीत पहिल्या कामासाठी कर्मणीची गरजच पडत नाही. ‘हे नमुने तंत्रज्ञांनी शनिवारी ठेवले’ असे म्हटले की नमुने पुढे येतात आणि कर्ता ‘नी’ हा प्रत्यय धरून आपल्या जागी सुखरूप राहतो. कोण कोणाला काय करतो आहे हे विभक्ती सांगते, त्यामुळे क्रम आपल्या हातात राहतो. परिणाम असा की, मराठीत ‘ठेवले गेले’ किंवा ‘ठेवण्यात आले’ असे लिहिताना आपण जवळजवळ नेहमी एकच काम करत असतो : कर्त्याला पानावरून उतरवत असतो. ते काम योग्यही असू शकते. पण ते होत आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

आणि कर्त्याला उतरवण्यासाठी मराठीला कर्मणीच लागते असेही नाही. १८७६ साली अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात आणि १९८७ च्या जानेवारीत अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी काँग्रेसपुढील भाषणात, इराणशी झालेल्या व्यवहारांच्या संदर्भात, ‘चुका केल्या गेल्या’ अशा अर्थाची वाक्ये वापरली. कर्त्याशिवायच्या कबुलीचा नमुना म्हणून ती इंग्रजीत वारंवार दाखवली जातात. मराठीत मात्र हेच सहजपणे सांगायचे तर कोणीही ‘चुका झाल्या’ म्हणेल, आणि या वाक्यात कर्मणी कोठेच नाही. ‘होणे’ हे साधे अकर्मक क्रियापद आहे. आपल्याकडे तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, ठरवणे-ठरणे, लावणे-लागणे अशा जोड्या भरपूर आहेत, आणि जोडीतला दुसरा भिडू निवडला की माणूस वाक्यातून नाहीसा होतो. म्हणून कर्मणी शोधून खोडण्याचा नियम मराठीत पुरत नाही : पहिल्या मसुद्यातील सर्वांत गूढ वाक्य कर्मणी नव्हतेच. ते ‘ठरले होते’ हे होते, आणि त्याच्याकडे शेवटी यायचे आहे.

दार

‘दार व्यवस्थित लावले गेले नाही’ हे पहिल्या मसुद्यातले वाक्य, आणि ‘तिने दार व्यवस्थित लावले नाही’ हे दुसऱ्यातले. दुसऱ्या मसुद्याच्या लेखकाची पद्धत सोपी होती : कर्मणी वाक्य घ्यायचे, कर्ता कोण असेल याचा अंदाज बांधायचा, आणि तो रिकाम्या जागी भरायचा. शनिवारी पाळीवर एकच व्यक्ती होती, तेव्हा अंदाज चुकीचा ठरण्याची भीती त्यांना वाटली नाही.

मी तंत्रज्ञ बाईंचा मूळ जबाब मागवून घेतला. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते : ‘मी दार लावले होते. पण पट्टीवर बर्फ होता, त्यामुळे माझ्याकडून दार पूर्ण लागले नाही, आणि ते माझ्या लक्षात आले नाही.’ या वाक्यात मराठीने दिलेली एक अचूक सोय त्यांनी, बहुधा नकळत, वापरली आहे. ‘मी दार लावले नाही’ म्हणजे लावण्याची क्रियाच घडली नाही. त्यात आळस, दुर्लक्ष, किंवा मुद्दाम केलेली कृतीही बसू शकते. ‘माझ्याकडून दार लागले नाही’ म्हणजे प्रयत्न झाला, फळ मिळाले नाही, आणि तरी मी स्वतःला त्या घटनेतून वगळत नाही. ‘माझ्या हातून कप फुटला’ आणि ‘मी कप फोडला’ यांतला फरक ऐकणाऱ्याला व्याकरण न शिकता कळतो. कर्त्याला पानावर ठेवायचे पण त्याच्यावर हेतूचा आरोप करायचा नाही, यासाठी आपल्याकडे तयार वाट असताना, जबाबातील ‘माझ्याकडून लागले नाही’ याचे अहवालात ‘तिने लावले नाही’ करण्यात आले होते. चौकशीच्या दृष्टीने हा फरक अपघात आणि हलगर्जीपणा यांच्यातला आहे.

तेव्हा वाक्य बदलून असे झाले : ‘त्यांनी नमुने ठेवून दार लावले, परंतु रबरी पट्टीवर बर्फ साचलेला असल्याने दार पूर्ण बसले नाही, आणि बाहेरून ते बसल्यासारखे दिसत होते.’ पूर्वार्धात माणूस आहे, कारण क्रिया माणसाची आहे. उत्तरार्धात दार आहे, कारण न बसणे ही गोष्ट दाराची आणि बर्फाची आहे. येथे ‘बसले नाही’ हे अकर्मक क्रियापद लपवाछपवी करत नाही, ते घडलेलेच सांगते.

याच वाक्याच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या मसुद्यात सर्वत्र ‘तंत्रज्ञाने’, ‘तिने’ असे होते. पण अहवालात इतरत्र, जेथे वरिष्ठांचा उल्लेख होता, तेथे ‘विभागप्रमुखांनी’ असे आदरार्थी अनेकवचन होते. कर्त्याशिवायच्या मसुद्यात हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. माणसे पानावर आली तशी त्यांची उतरंडही पानावर आली. आदरार्थी ‘तंत्रज्ञांनी’ लिहिले की तंत्रज्ञ एक की अनेक असा संभ्रम होतो, हा त्यावरचा आक्षेप खरा होता. त्यावर आरंभीच ‘शनिवारी पाळीवर एकच तंत्रज्ञ होत्या’ असे वाक्य घालून पुढे सर्वत्र ‘त्यांनी’ वापरले.

सूचना

या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवले ते ‘दखल घेतली गेली नाही’ या वाक्याने. माझी स्वतःची खात्री होती की, येथे कोणीतरी झाकला जातो आहे. कर्मणी वाक्य आणि त्यात नकार, ही जोडी दिसली की संपादकाचे कान टवकारतात. दुसऱ्या मसुद्यात त्याचे ‘कर्मचाऱ्यांनी दखल घेतली नाही’ झाले होते, आणि मी अधिक नेमकेपणासाठी विचारले : कोणत्या कर्मचाऱ्यांनी?

उत्तर शोधायला अर्धा दिवस गेला. सूचना ज्या मोबाइल क्रमांकावर गेली होती, तो आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचा होता. यंत्रणेतला क्रमांक बदलण्याचे काम कोणाचे, असे विचारल्यावर देखभाल करणाऱ्यांनी प्रशासनाकडे बोट दाखवले, प्रशासनाने विभागाकडे, आणि विभागाने देखभालीकडे. कागदपत्रे पाहिल्यावर तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर ठरले, कारण ते काम कोणावरही लेखी सोपवलेलेच नव्हते. म्हणजे कर्मणी वाक्याने येथे कोणाला लपवले नव्हते. तेथे माणूस नव्हताच, आणि माणूस नसणे हेच अपघाताचे कारण होते. पण ‘दखल घेतली गेली नाही’ हे वाक्य वाचणाऱ्याला, कोणीतरी होता आणि त्याने दुर्लक्ष केले, असे भासवत होते. कर्तरी करण्याच्या खटपटीत दुसऱ्या मसुद्याने हा भास पक्का करून टाकला, आणि अस्तित्वात नसलेल्या कर्मचाऱ्यांवर ठपका ठेवला.

अंतिम मजकूर असा झाला : ‘यंत्रणेने पाठवलेली सूचना ज्या मोबाइल क्रमांकावर गेली, तो आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याचा होता. सूचना कोणाला जाव्यात याची यादी अद्ययावत ठेवण्याचे काम कोणावरही सोपवलेले नव्हते.’ शेवटचे वाक्य कर्त्याशिवायचे आहे, आणि त्यात कर्ता घालण्याचा प्रयत्न केला तर ते खोटे होईल किंवा निदान वादग्रस्त होईल. मला ते अहवालातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. तरी माझ्या बाबतीत सांगायचे तर, मी ‘कोणत्या कर्मचाऱ्यांनी’ हे योगायोगाने विचारले. केवळ भाषा तपासून परत गेलो असतो, तर ‘कर्मचाऱ्यांनी दखल घेतली नाही’ हे वाक्य स्वच्छ, सुबोध म्हणून मी नक्कीच पास केले असते.

बर्फाविषयीच्या वाक्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ‘निदर्शनास आणून देण्यात आले होते’ यात इशारा देणारी व्यक्ती गायब होती, आणि ती व्यक्ती म्हणजे त्याच तंत्रज्ञ होत्या. दोन आठवड्यांपूर्वीची त्यांची नोंद नोंदवहीत स्वाक्षरीसह होती. येथे दुसरा मसुदा निर्विवादपणे बरोबर होता. कर्मणी रचना दोष झाकते असे आपण नेहमी म्हणतो. ती श्रेयही तितक्याच निर्विकारपणे झाकते.

जेथे कर्मणी राहू दिली

अहवालाच्या उत्तरार्धात नमुन्यांचे पुढे काय झाले, ते होते. ‘निकामी नमुने ठरलेल्या पद्धतीने नष्ट करण्यात आले. प्रत्येक नमुन्याचा दुसरा संच वेगळ्या इमारतीत ठेवण्यात येतो. तो तपासण्यात आला असून सुरक्षित आहे.’ नियमावर निष्ठा असलेल्या अधिकाऱ्यांना येथेही कर्ते हवे होते. मी नको म्हटले. हा परिच्छेद वाचणाऱ्या संशोधकाला एकच काळजी आहे, माझे नमुने शिल्लक आहेत की नाहीत. नष्ट करणारे हात कोणाचे, हे त्याला नको आहे आणि पद्धत ठरलेली असल्याने ते कोणाचेही असले तरी फरक पडत नाही. असे कर्ते भरत गेलो तर ‘सहायकाने’, ‘दुसऱ्या सहायकाने’, ‘विभागातील कर्मचाऱ्यांनी’ अशी गर्दी होते आणि ज्या दोन-तीन ठिकाणी कर्ता खरोखर महत्त्वाचा आहे, तेथे तो उठून दिसत नाही. प्रयोगाची पद्धत लिहिताना शास्त्रज्ञ कर्मणीकडे वळतात तेही बरेचसे यासाठीच, जरी ‘नेचर’सारखी नियतकालिके आता लेखकांना ‘आम्ही प्रयोग केला’ असे थेट लिहायला सांगतात.

ठरले

राहता राहिले ‘पट्टी बदलण्याचा प्रस्ताव पुढील तिमाहीत घेण्याचे ठरले होते.’ दुसऱ्या मसुद्याने ते ‘खरेदी समितीने ठरवले’ असे केले होते. समितीचे इतिवृत्त काढून पाहिले, तर तेथेही ‘ठरले’ एवढेच. बैठकीला तिघे उपस्थित होते. तिघांना वेगवेगळे विचारले. प्रस्ताव पुढे नेण्याची सूचना आपली नव्हती असे दोघे ठामपणे म्हणाले, आणि तिसरे, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाले की त्यांना नीट आठवत नाही, पण चर्चा फारशी झाली नव्हती. समितीने ठरवले असे लिहावे तर समितीत चर्चाच झाली नव्हती, आणि एकाचे नाव लिहावे तर पुरावा नव्हता. मी मसुद्यात लिहिले : ‘प्रस्ताव पुढील तिमाहीत घ्यावा असे कोणी सुचवले, हे इतिवृत्तावरून स्पष्ट होत नाही.’ निदान अज्ञान तरी उघड राहील, असा माझा विचार होता.

अंतिम प्रत स्वाक्षरीसाठी विभागप्रमुखांकडे गेली. ती परत आली तेव्हा माझे वाक्य एका रेघेने खोडलेले होते आणि वर निळ्या शाईत त्यांच्या अक्षरात लिहिले होते : ‘सदर प्रस्ताव माझ्या सूचनेवरून पुढील तिमाहीपर्यंत पुढे ढकलण्यात आला.’

सूचनावलीवाल्या अधिकाऱ्यांनी विचारले की, ‘ढकलण्यात आला’चे ‘मी ढकलला’ करायचे का. मी ते वाक्य आहे तसेच राहू दिले.